अक्षता पडायच्या आधी

ताई, नाव छापू नका. माझं वय २३. लग्न झालं तेव्हा मी सोळाची होते, नववीतून शाळा सुटली. दोन लेकरं आहेत. आम्ही नवरा-बायको दरवर्षी कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातो. आता सासऱ्यांनी माझ्या नणंदेची सोयरीक जमवलीय. ती दहावीत आहे, पंधरा पूर्ण होऊन दहा महिने झालेत. मुलगा चोवीसचा. सुपारी फुटली, बस्ता पुढच्या सोमवारी. टोळी निघायच्या आधी लग्न उरकायचं, म्हणजे अजून अठरा दिवस. इथं कुणी आडवं आलं तर कारखान्यावर गेल्यावर गेटकेन, म्हणजे तिथं गेटवरच लग्न लावून टाकू म्हणतात. मुकादमाकडून उचलही घेतली, आगाऊ पैसे. नणंद रात्री माझ्याजवळ झोपते आणि विचारते, वहिनी, पेपर देऊ देतील का? मी काय सांगू? कोणी म्हणतं वय अठरा, कोणी म्हणतं आता एकवीस झालंय. सासरे म्हणतात लग्न आत्ता लावू, नांदायला अठराची झाल्यावर पाठवू, तसं स्टँपपेपरवर लिहून घेऊ. मी फोन केला आणि घरात कळलं तर मला दाराबाहेर काढतील. नवरा प्यायला की तसाही हात उचलतो. सासू तुरुंगात जाईल का? ती वाईट नाही हो. आणि एक विचारते, राग मानू नका. हा कायदा माझ्या लग्नाच्या वेळी होता का? होता तर कोणी का आलं नाही?

तुझं पत्र मंगळवारी रात्री मिळालं. आधीची पत्रं रांगेत आहेत, ती मंडळी मला समजून घेतील. अठरातले दोन दिवस गेलेच. तू गावाचं नाव लिहिलं नाहीस, नणंदेचंही नाही. लिहिलं असतंस तर मीच फोन केला असता आणि तुझ्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरलं असतं. बालविवाहाची खबर कोणीही देऊ शकतं. त्याला ना नातं लागतं, ना गाववाला असावं लागतं. हे आधी मनात पक्कं कर, कारण पुढचं सगळं त्यावर आहे: खबर देणारी तूच असली पाहिजेस असं नाही.

पण शेवटचा प्रश्न आधी घेते, तू तो इतका बिचकत विचारलास म्हणून. होता. बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ सालचा, १ नोव्हेंबर २००७ पासून लागू. तुझ्या अंगाला हळद लागली तेव्हा तो होता. तुमच्या गावचा ग्रामसेवक तेव्हाही कायद्याने बालविवाह प्रतिबंध अधिकारी होता, आणि बहुधा जेवायलाही येऊन गेला असेल. कोणी आलं नाही कारण कोणी कळवलं नाही, किंवा कळवलं आणि कोणी मनावर घेतलं नाही. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. म्हणजे पाचातली एक. तुझं आजचं वय त्याच गटातलं. तू कुठल्या तरी आडबाजूच्या घरातली विचित्र गोष्ट नाहीस.

आणि एक गोष्ट तुला कोणी सांगितली नसणार. ज्या मुलीचं लग्न लहानपणी लावलं, तिला ते कोर्टाकडून रद्द करून घेता येतं, पण सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. म्हणजे विसावं पूर्ण होईपर्यंत. तुझी ती मुदत तीन वर्षांपूर्वी संपली. तुला टोचावं म्हणून हे सांगत नाही, आणि तू दार ठोठावलंच असतंस असंही मी धरून चालत नाही. तोवर कडेवर पहिलं लेकरू असेल. सांगते ते एवढ्यासाठी की या कायद्याची गोम इथेच आहे. अक्षता पडायच्या आधी तो धावणारा आहे. अक्षता पडल्यावर तो लंगडतो. नणंदेची मुदत अजून संपलेली नाही, फक्त ती आता वर्षांत मोजायची नाही, दिवसांत मोजायची.

का लंगडतो ते नीट समजून घे, कारण गावात बऱ्याच जणांचा यात घोटाळा असतो. लोकांना वाटतं, अठराच्या आतलं लग्न आपोआप बाद. तसं नाही. ते लग्न लागलं तर उभं राहतं, मुलीने (किंवा मुलगा लहान असेल तर त्याने) कोर्टात जाऊन पाडेपर्यंत. अज्ञान असेल तर तिच्या वतीने पालकाने किंवा दुसऱ्या कोणी बालविवाह प्रतिबंध अधिकाऱ्याला सोबत घेऊन अर्ज करायचा. आता ज्या बापाने मांडवात कन्यादान केलं, तोच ते मोडायला कोर्टाची पायरी चढेल का? कागदावर वाट आहे, पायाखाली नाही. मुळापासूनच बाद ठरतात ती थोडी लग्नं: मुलीला पळवून, फसवून, जबरदस्तीने नेऊन लावलेलं, लग्नासाठी विकलेल्या मुलीचं, आणि कोर्टाने मनाई केल्यावरही लावलेलं.

हे शेवटचं धर. मनाई हुकूम.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या सकाळी दहा वाजता खबर आली. पोलीस, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका आणि त्यांच्या मागे मी, असे आम्ही पोचलो तेव्हा मुलगी हळदीच्या साडीत ओट्यावर बसलेली, हातातल्या घड्याळाचा पट्टासुद्धा पिवळा झालेला. पंचनामा सुरू होता. आचारी येऊन विचारून गेला, भात उतरवू का ठेवू. मंडपवाला माझ्याच मागे लागला, मॅडम, माझं भाडं कोण देणार? (त्याला मी म्हटलं, तू आधी जामीनदार शोध. या कायद्यात लग्न लावणारा आणि त्याला हातभार लावणारा, दोघेही येतात, आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. तो गुपचूप बांबू सोडायला लागला.) बापाने हमीपत्रावर सही केली, मुलगी अठराची होईपर्यंत लग्न करणार नाही. सगळ्यांनी फोटो काढले. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, बालविवाह रोखला. आणि त्यानंतर नवव्या दिवशी शेजारच्या तालुक्यातल्या एका देवळात पहाटे पाच वाजता, वीस माणसांत, तेच लग्न लागलं. हमीपत्र म्हणजे शब्द. शब्द मोडला म्हणून लग्न मोडत नाही.

त्या दिवशी आम्ही हमीपत्रावर न थांबता प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम आणला असता, तर देवळातलं लग्न कायद्याच्या दृष्टीने लागलंच नसतं. ते शून्य. मुलीला पुढे ते रद्द करायला दोन वर्षांची मुदत पाळत बसावं लागलं नसतं. आणि हुकूम मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. घाई असेल तर समोरच्याला नोटीस न देताही तात्पुरता हुकूम काढता येतो. अर्ज बालविवाह प्रतिबंध अधिकारी करू शकतो, एखादी संस्था करू शकते, मुलीच्या लग्नाची माहिती असलेला कोणीही करू शकतो. तुझे सासरे गेटकेनचा धाक घालतात ना, त्याला उत्तर हेच. हुकूम निघाला की लग्न गावच्या मांडवात लावलं काय आणि कारखान्याच्या गेटवर कोपीपुढे (मजुरांच्या झोपडीपुढे) लावलं काय, बादच.

म्हणून फोन लग्नाच्या सकाळी करायचा नाही. आत्ता करायचा. सोळा दिवस हातात असताना कोर्टात जायला वेळ मिळतो. लग्नाच्या सकाळी फक्त मांडव मोडता येतो.

फोन १०९८. मुलांसाठीची हेल्पलाइन, चोवीस तास, पैसे लागत नाहीत. नाव विचारलं तर "सांगायचं नाही" म्हण, चालतं. तारीख बदलून एकदम उद्यावर आणली तर मग ११२. काय सांगायचं ते आधी मनात घोळवून ठेव, कारण अशा फोनवर आपला गळा दाटतो आणि निम्मं राहून जातं: मुलीचं पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, वस्ती कुठली, लग्न कधी आणि कुठे, मुलाचं गाव. आणि शाळेचं नाव. शाळेचं नाव विसरू नकोस, वयाचा पुरावा तिथे आहे. त्यानंतर हे वाक्य असंच्या असं म्हण: "टोळी निघणार आहे, कारखान्यावर नेऊन लग्न लावणार आहेत, मनाई हुकूम घ्या." पलीकडे नवीन माणूस असेल तर तो हमीपत्रापर्यंतच विचार करत असतो.

घरच्या फोनवरून करू नकोस. नवरा फोन चाळत असेल तर नंबर पुसूनही माग राहतो. अंगणवाडीताईच्या फोनवरून कर. ती कायद्याने ग्रामसेवकाची या कामातली सहायक आहे, तिचं ते कामच आहे. ग्रामसेवक (हल्ली त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) भला माणूस असेल तर उत्तम. पण त्याची ऊठबस सरपंचाकडे आणि सरपंच तुमच्या भावकीतला, असं असेल तर आधी त्याच्याकडे जाऊ नकोस. १०९८ मार्फत वरून खाली आलेली खबर त्याला दाबता येत नाही.

वयाचं बोलू. मुलीला अठरा, मुलाला एकवीस. बस. मुलीचंही एकवीस करायचं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडलं होतं, ते मंजूर न होताच ती लोकसभा संपली. बातमी तेवढी गावोगाव पोचली आणि तिथेच राहिली. तू नाव छापू नका म्हणालीस त्यावरून आठवलं. १८८५ साली मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात एका बाईने नाव न देता, "एक हिंदू स्त्री" एवढीच सही करून बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिली. त्या रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, नवऱ्याकडे नांदायला जायला ठाम नकार, नवऱ्याने कोर्टात खेचलेलं. १८८७ मध्ये हायकोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाते. पुढे तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. तेव्हा हिंदू लग्नाला कायद्यात वयाची अटच नव्हती. १८९१ मध्ये एवढंच ठरलं की बायको बारा वर्षांची होईपर्यंत नवऱ्यानेही तिच्याशी संबंध ठेवायचा नाही, आणि त्यावरही केवढा गदारोळ. मग शारदा कायदा, १९३० पासून मुलीला चौदा. पुढे पंधरा. अठरा झालं ते १९७८ साली. एवढं रेटून वर आणलेलं वय तुझे सासरे आधारकार्डावर दोन मिनिटांत वाढवून आणतील.

हो, हे होणार. साहेब आले की आधारकार्ड पुढे येईल आणि त्यावर मुलगी अठराची असेल. घाबरू नकोस. वय ठरवताना कायदा आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा बोर्डाचं प्रमाणपत्र बघतो, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच डॉक्टरी तपासणी. आधार त्या यादीतच नाही. म्हणून शाळेचं नाव सांग म्हटलं.

आता तो स्टँपपेपर. असे कागद माझ्या टेबलावर महिन्याला एखादा येतो, पाचशेच्या स्टँपवर, नोटरीच्या लाल शिक्क्यासकट, खाली पाच साक्षीदार. "लग्न आज, नांदणं अठरानंतर." त्याची किंमत शिक्क्याच्या शाईएवढी. कायदा लग्न लावण्याला गुन्हा म्हणतो, नांदवण्याची वाट बघत नाही. उलट हा कागद म्हणजे मुलगी लहान आहे हे आम्हाला ठाऊक होतं, याची सगळ्यांनी मिळून दिलेली कबुली. मी सरकारी वकील असते तर तो फ्रेम करून लावला असता.

तुमच्या घरात कोणी कोणाचं ऐकत नसेल तर एक गोष्ट मुलाकडच्यांच्या कानावर जाऊ दे, कुणाच्या तरी तोंडून. मुलगा चोवीसचा आहे. नुसतं लहान मुलीशी लग्न केलं एवढ्यावरच त्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. पुढे संबंध आला तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा. "ती माझी बायको आहे" हे उत्तर तिथे चालत नाही. ११ ऑक्टोबर २०१७ ला सुप्रीम कोर्टाने अठराच्या आतल्या बायकोबाबत ती सवलत काढून टाकली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही वय अठराच आहे. मुलगी सोळाच्या आतली असेल तर पोक्सोत किमान शिक्षा वीस वर्षं. किमान. चोवीसचा पोरगा चव्वेचाळीसचा होऊन बाहेर येईल. हे ऐकून बस्ता परत करणारी सोयरी मी पाहिली आहेत. पोरीच्या काळजीने नाही, पोराच्या काळजीने, पण बस्ता परत गेला ना.

याच पोक्सोची दुसरी बाजूही तुला सांगायला हवी. लग्न लागून गेलं आणि सोळा-सतराच्या पोरीला दिवस गेले की दवाखान्याला पोलिसांना कळवावंच लागतं. माहीत असून न कळवणं हाही गुन्हा आहे. परिणाम असा होतो की सासरचे तिला दवाखान्यातच नेत नाहीत. नाव बदलतात, वय वाढवतात, नाहीतर बाळंतपण घरात उरकतात. तिच्या रक्षणासाठी केलेलं कलम तिलाच डॉक्टरपासून लांब ठेवतं. यावर वकिलांच्यात तासन् तास वाद चालतात. मला उत्तर सापडलेलं नाही, एवढंच दिसतं की ही वेळ येऊ द्यायची नाही.

सासूचं विचारलंस. लग्नाला परवानगी देणाऱ्या, ते न रोखणाऱ्या आईबापांसाठी जे कलम आहे, त्यात बाईला कैदेची शिक्षा देता येत नाही, असं त्यातच लिहिलंय. दंड होऊ शकतो. सासऱ्यांना मात्र दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पण हे लग्न लागलं तर. आधीच थांबलं तर बहुतेक वेळा समज देणं, लिहून घेणं आणि हुकूम, इथवरच राहतं. म्हणजे ज्या सासूची तुला दया येते, तिचा संसार वाचवायचा मार्ग फोन न करणं हा नाही, लवकर करणं हा आहे. उचल देणाऱ्या मुकादमालाही हे कळू दे. लग्नाला उत्तेजन देणाराही त्याच कलमात बसतो.

पण तुझ्या सासऱ्यांना मी नुसता खलनायक ठरवणार नाही. तूही ठरवलेलं नाहीस. पाच-सहा महिने अख्खं घर फडावर. मागे दहावीतली पोर, एक म्हातारी आणि कडी नीट न लागणारं दार. सोबत नेली तर शाळा सुटते आणि कोपीला तर दारच नसतं. लग्न लावलं की काळजी जावयाच्या गळ्यात, वर दोघांचा मिळून एक कोयता होतो आणि त्यावर उचल मिळते. हा हिशोब चुकीचा आहे, पण वेडा नाही. त्यामुळे लग्न थांबवायला येणाऱ्या माणसांना हा प्रश्न तोंडावर विचारला पाहिजे: ही पोर मार्चपर्यंत राहणार कुठे? नुसतं थांबवून गेले तर टोळी निघायच्या आदल्या रात्री हिशोब पुन्हा तिथेच येईल. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, समाजकल्याण खात्याची मुलींची वसतिगृहं आहेत. जागा आहे का, अर्ज कुठे, हे बाल कल्याण समितीकडून करून घ्यायचं. अठराच्या आत लग्न होण्याचा धोका असलेली मुलगी कायद्याने "काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक" आहे. तिला या समितीपुढे नेतात. तिथे तिला विचारतील. घरी पाठवायचं, नातेवाइकाकडे, का काही दिवस बालगृहात, हे समिती ठरवते. बालगृहाचं नाव काढलं की पोरी घाबरतात, आणि सगळी बालगृहं घाबरू नये अशी नसतातही. म्हणून तिला आधीच सांगून ठेव: तिथे गप्प बसू नको, "मला वसतिगृहात राहून दहावी द्यायची आहे" हे एक वाक्य बोल. समितीच्या कागदावर ते उतरलं पाहिजे.

तिच्याशी मोकळं बोल. कायदा तिची संमती विचारत नाही, अठराच्या आत होकाराला अर्थच नाही. पण तू विचार. कधीकधी पोरींनाच नव्या साड्यांचं, मोबाइलचं, या घरातून सुटण्याचं आकर्षण असतं. तुझी नणंद तशी दिसत नाही. पेपरचं विचारणारी पोर आहे.

आता तुझं.

दाराबाहेर काढतील म्हणतेस. काढता येत नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून चालू आहे, आणि त्यात सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच: नांदत्या घरात राहण्याचा बाईला हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो. सासऱ्यांच्या नावावर असलं तरी, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. हात उचलणं, पैसे काढून घेणं, शिव्या, घरातून हाकलण्याची धमकी, सगळं त्यात येतं. तालुक्याच्या ठिकाणी संरक्षण अधिकारी असतात. ते तुझं ऐकून घटनेचा अहवाल तयार करतात, तो न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. मारू नये, घराबाहेर काढू नये, तुला आणि लेकरांना खर्चाला द्यावं, असे हुकूम होतात. यात लगेच घटस्फोट नाही, लगेच तुरुंगही नाही. हुकूम मोडला तर मात्र वर्षभरापर्यंत कैद. बऱ्याच बायका याचमुळे हा रस्ता धरतात. संसार मोडायचा नसतो, मार थांबवायचा असतो. वकील फुकट मिळतो. बाईला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, फोन १५१००. रात्री-अपरात्री जीवावर आलं तर १८१ किंवा ११२.

मात्र दोन्ही लढाया एकाच आठवड्यात अंगावर घेऊ नकोस, असं मला वाटतं. आधी नणंद. तिला तारीख आहे. तुझ्या अर्जाला तारीख नाही, तो टोळीवरून आल्यावरही देता येतो. तोवर एवढं कर: मार लागला की सरकारी दवाखान्यात जा, पडले म्हणून सांगू नकोस, आणि केसपेपर घरात न ठेवता माहेरी ठेव.

राहता राहिलं, खबर कुणी दिली हे कसं झाकायचं. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत घरात संशयाची सुई फिरेल. ती तुझ्याकडे वळू नये यासाठी शाळा बरी. शिक्षक असे फोन करतात हे गावाला माहीत असतं, आणि सहज गळी उतरतं. तू नणंदेला विचार, दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरला का. तो शाळेतून भरतात आणि दिवाळीच्या आसपास त्याचीच गडबड असते. भरलेला नसेल तर फारच छान, तुला घराबाहेर पडायला कारण मिळालं. सासूला सांग, पोरीचा फॉर्म राहिलाय, सही लागते, मी जाऊन येते. मुख्याध्यापकांच्या खोलीत दार लोटून बस आणि या पत्रातलं सगळं सांग. फोन त्यांना करू दे, तुझ्यासमोर, स्पीकरवर. ते टाळाटाळ करायला लागले तर वर्गशिक्षिकेकडे जा, आणि त्याही नसतील तर परत येताना अंगणवाडीत.

शाळेत गेलीसच तर आणखी एक विचारून ये. बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म कधीपर्यंत आहे. तुझ्यासाठी. नववीचा दाखला माहेरच्या शाळेत असेल, तो काढून ठेवायला भावाला सांग.